अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यातले तंतू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाद्याचा विषय निघाला की प्रोटीन, कॅल्शियम आणि ऊर्जा यांच्यावर भरपूर बोलणे होते. तंतूंचा आकडा मात्र बॅगेच्या लेबलावर शेवटच्या ओळीत राहतो. खाली सतत येणारे प्रश्न घेतले आहेत. आधी मूलभूत, मग अडचणीचे. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कोंबडीला तंतू पचतच नाहीत. मग ते द्यायचे कशाला?

पचत नाहीत हे बरेचसे खरे आहे. सेल्युलोज आणि लिग्निन तोडणारे विकर (एन्झाइम) कोंबडीकडे नाही, आणि गायीसारखी आंबवण्याची मोठी टाकीही नाही. सिकममध्ये, म्हणजे लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यावरच्या दोन बंद पिशव्यांत, जिवाणू थोडेफार आंबवतात. पण तिथे फक्त द्रव आणि अगदी बारीक कण शिरतात आणि त्यातून मिळणारी ऊर्जा किरकोळ असते.

तंतूंचे खरे काम त्याच्या आधी, पेषणीत (गिझार्ड) होते. कठीण, भरड कण तिथे अडकून राहतात आणि पेषणीला दळायला काहीतरी मिळते. स्नायू वाढतात, खाद्य जास्त वेळ थांबते, आम्ल आणि पेप्सीन नीट मिसळतात आणि आम्लता वाढते. त्यामुळे पुढे आतड्यात स्टार्च व प्रोटीन जास्त चांगले पचते आणि आम्लाला न टिकणारे जंतू वाटेतच कमी होतात. म्हणजे तंतू स्वतः पचत नाहीत, पण बाकीचे पचवायला मदत करतात.

२. विरघळणारे आणि न विरघळणारे तंतू असं म्हणतात. शेडमध्ये त्याचा काय फरक पडतो?

जमीन-अस्मानाचा. न विरघळणारे तंतू (तुसे, टरफले, कोंड्याचा बराचसा भाग, लाकडाचा भुसा) पेषणीत काम करतात आणि विष्ठा कोरडी, घट्ट ठेवतात. विरघळणारे तंतू (राय व गव्हातले अरॅबिनोझायलन, जवातले बीटा-ग्लुकन) पाणी धरून आतड्यात खळीसारखा चिकट द्रव तयार करतात. त्यात पाचकरस आणि पोषकद्रव्ये एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत. पिल्लांना याचा त्रास जास्त होतो. मोठी कोंबडी बरेच सहन करते, पण विष्ठा चिकट होतेच (प्रश्न ११).

म्हणून ‘तंतू वाढवा’ हा सल्ला अर्धवट आहे. कोणते आणि किती भरड, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

३. बॅगेवर ‘क्रूड फायबर कमाल ७%’ लिहिलंय. म्हणजे माझ्या खाद्यात ७% आहे का?

नाही. ‘कमाल’ म्हणजे त्यापेक्षा जास्त नसेल, एवढीच हमी. प्रत्यक्षात ते ३.५ असू शकते. मका आणि टरफल काढलेली सोयाबीन पेंड यांवर बेतलेले लेअर (अंडी देणाऱ्या कोंबडीचे) खाद्य साधारण ३ टक्क्यांच्या आसपासच निघते.

शिवाय क्रूड फायबरची चाचणीच मुळात तोकडी आहे. ती १८६० च्या दशकात जर्मनीतल्या वेंडे येथील संशोधन केंद्रात बसवली गेली. नमुना आधी सौम्य आम्लात, मग सौम्य अल्कलीत उकळतात. या उकळण्यात बरेचसे हेमिसेल्युलोज आणि लिग्निनचा काही भाग विरघळून निघून जातो आणि मोजणीत येत नाही. त्यामुळे खरा तंतू आकड्यापेक्षा बराच जास्त असतो. अमेरिकी शास्त्रज्ञ व्हॅन सोएस्ट यांच्या पद्धतीचा एनडीएफ (न्यूट्रल डिटर्जंट फायबर) आकडा (१९६० चे दशक) जास्त प्रामाणिक आहे. प्रयोगशाळेत नमुना देणार असाल तर एनडीएफ मागून घ्या. दोन्ही चाचण्या कण भरड आहे की पीठ झाला आहे हे मात्र सांगत नाहीत.

४. मग किती टक्के असावेत?

कोंबडीखाद्याच्या गरजांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एनआरसीच्या (अमेरिकेची नॅशनल रिसर्च कौन्सिल) १९९४ च्या तक्त्यांत तंतूंची किमान गरज म्हणून आकडाच नाही. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तंतू म्हणजे ‘जितके कमी तितके बरे’ असे शिकवले गेले. व्यवहारात आम्ही क्रूड फायबरचे हे पल्ले धरतो:

पहिले ५–६ आठवडे ३ ते ४%. सुमारे १० आठवड्यांपासून अंड्यावर येण्याआधीपर्यंत ५ ते ६%. अंड्यावर येताना आणि पीक काळात (अंडी सर्वाधिक येतात तेव्हा) ४ ते ४.५%. पीक ओसरल्यावर, विशेषतः अंगाने सुटलेल्या कळपाला, ५% पर्यंत. यातला निदान २–३% हिस्सा भरड, न विरघळणाऱ्या मालातून यावा. ही अट आकड्यापेक्षा महत्त्वाची आहे.

५. तलंगांना (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्यांना) अंडी देणाऱ्या कोंबड्यांपेक्षा जास्त तंतू का? त्या तर वाढत्या वयातल्या.

कारण त्यांना खायला शिकवायचे असते. तलंग पहिले अंडे देते तेव्हा रोज ८०–९० ग्रॅम खात असते आणि काही आठवड्यांत तिला ११० ग्रॅमपर्यंत जावे लागते. वाढीच्या काळात दाट, बारीक, जास्त ऊर्जेचे खाद्य मिळाले असेल तर अन्नपिशवी आणि पेषणी लहान राहतात. मग ऐन पीकला ती पुरेसे खाऊ शकत नाही, अंगातली चरबी आणि हाडे वापरून अंडी देते आणि ३० व्या आठवड्याच्या आसपास उत्पादनात खड्डा पडतो. १० ते १६ आठवड्यांत थोडे विरळ, भरड खाद्य दिले तर पोटाची धारणक्षमता वाढते. या काळात दर आठवड्याला वजन मात्र करा. कळप जातीच्या वजनतक्त्याच्या खाली गेला, तर आधी वजन भरून काढा, तंतू नंतर.

६. कशात किती तंतू असतात?

क्रूड फायबरचे ढोबळ आकडे असे. मका २–२.५%, गहू २.५%, जव ५%, ओट १०–११%. सोयाबीन पेंड टरफलासह ६–७%, टरफल काढलेली ३.५–४%. गव्हाचा कोंडा ९–११%. तेल काढलेला भाताचा कोंडा १२–१६%. सूर्यफूल पेंड अर्धी सोललेली १८–२२%, न सोललेली २५–३०%. लसूणघासाची भुकटी २४–२८%. ओटचे तूस ३० च्या आसपास, सोयाबीनचे टरफल ३३–३६%. भाताचे तूस ४०% किंवा जास्त, पण त्यात सिलिकामुळे राखच १५–२०% असते.

आमची पसंती विचाराल तर ओटचे तूस आणि न सोललेली किंवा अर्धी सोललेली सूर्यफूल पेंड. दोन्ही कठीण, न विरघळणारी, आणि पेंडीतून प्रोटीनही मिळते. कोंडा चांगला, पण बारीक असतो. पेषणीचे काम तो एकटा करत नाही.

७. खाद्य पुरेसं भरड आहे का, हे घरच्या घरी कसं पाहायचं?

दोन चाळण्या घ्या, १ मिमी आणि ३ मिमी छिद्रांच्या. फीडरमधून नव्हे, ताज्या बॅगेतून १०० ग्रॅम मॅश (भरडलेले सुटे खाद्य) घ्या. फीडरमधला नमुना कोंबड्यांनी निवडून खाल्लेला असतो. चुनखडी भरड असेल तर ती आधी हाताने बाजूला करा, नाहीतर आकडा फसवतो. मग दोन मिनिटे चाळा. १ मिमीच्या चाळणीवर निदान ३०–४० ग्रॅम राहायला हवे. १५ ग्रॅमही राहत नसेल तर ते खाद्य नव्हे, पीठ आहे. ३ मिमीवर १० ग्रॅमपेक्षा जास्त राहत असेल तर कोंबड्या मोठे दाणे वेचतील आणि प्रीमिक्सचे (जीवनसत्त्वे-खनिजांच्या मिश्रणाचे) पीठ तळाशी राहील.

पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) चाळून काही कळत नाही. एक मूठ पेलेट पाण्यात भिजवून विरघळू द्या आणि मग चाळणीवर पाणी सोडा. बऱ्याचदा हाताला फक्त चिखल लागतो, कारण पेलेटसाठी माल आधीच बारीक दळलेला असतो.

याहून पक्का पुरावा पेषणीतच मिळतो. कळपातली एखादी कोंबडी मेली किंवा कापली तर पेषणी उभी चिरून बघा. भरड खाद्यावरची पेषणी मुठीत घट्ट लागते. कडेचे स्नायू जाड आणि गडद लाल, आतले पिवळट अस्तर खरखरीत, आणि त्यात तुसाचे तुकडे दिसतात. पीठ खाल्लेल्या कोंबडीची पेषणी मऊ पिशवीसारखी असते आणि आत ओल्या रव्यासारखा लगदा असतो. तिच्या अलीकडचे ग्रंथीजठर फुगलेले असते आणि दोघांमधली ‘कंबर’ दिसेनाशी होते.

८. तयार लेअर खाद्यात वरून तूस मिसळलं तर चालेल का?

२–३% पर्यंत चालेल, त्यापुढे नाही. हिशोब करून बघू. खाद्यात किलोमागे ऊर्जा २७५० किलोकॅलरी, प्रोटीन १७%, कॅल्शियम ४%, क्रूड फायबर ३.२% असे धरा. ९७ किलोत ३ किलो ओटचे तूस मिसळले, तर क्रूड फायबर ४.० होते, प्रोटीन १६.६, कॅल्शियम ३.९ आणि ऊर्जा सुमारे २६८०. कोंबडी ११० ऐवजी ११३ ग्रॅम खाऊन हे भरून काढते.

तेच १०% मिसळले तर कॅल्शियम ३.६, प्रोटीन १५.७ आणि ऊर्जा २५०० च्या आसपास येते. आता तिला १२० ग्रॅम खावे लागेल. अंगाने मोठी, थंड शेडमधली कोंबडी खाईलही. नुकती अंड्यावर आलेली तलंग खाणार नाही.

तूस हलके असते. कोरड्या मॅशमध्ये ते वर तरंगते आणि चुनखडी तळाशी जाते. १–१.५% तेल आधी मक्याच्या भरड्यावर फवारून, मग तूस घालून पाच मिनिटे मिक्सर फिरवला तर माल एकजीव राहतो.

९. स्वतःच खाद्य बनवतो. फॉर्म्युल्यात तंतू कसे बसवू?

समजा १०० किलोत ८ किलो अर्धी सोललेली सूर्यफूल पेंड घ्यायची आहे (प्रोटीन ३०%, क्रूड फायबर २२%). ५ किलो मका आणि ३ किलो सोयाबीन पेंड काढा. क्रूड फायबर जवळजवळ १.५ अंकांनी वाढते. प्रोटीनही अर्ध्या अंकाने वाढते. लायसीन (प्रोटीनमधले एक आवश्यक अमिनो आम्ल) साधारण तेवढेच राहते, कारण सूर्यफुलात ते कमी असले तरी पेंड जास्त घातली आहे. मेथिओनीन या दुसऱ्या आवश्यक अमिनो आम्लाची सूर्यफुलात चांगलीच साथ मिळते. ऊर्जा मात्र किलोमागे १००–११० किलोकॅलरी घटते. पीक काळात ती सुमारे २ किलो तेलाने भरून काढा (तेवढाच मका कमी करून) आणि पीक ओसरल्यावर तशीच सोडा.

‘प्रोटीन वाढले, मग सोया आणखी कमी करू’ हा मोह इथेच होतो. तो टाळा. क्रूड प्रोटीन जुळते, पण लायसीन घसरते आणि अंड्याचे वजन हळूहळू उतरते. कारण सापडेपर्यंत महिना जातो.

१०. तंतू वाढवल्यावर कोंबड्या जास्त खातील. खर्च वाढणार ना?

ऊर्जा घटवली असेल तर जास्त खातील. कोंबडी बऱ्याच अंशी ऊर्जेसाठी खाते. ११० ग्रॅम × २७५० म्हणजे दिवसाला सुमारे ३०२ किलोकॅलरी. खाद्य २६५० चे झाले की तिला ११४ ग्रॅम लागतात. पण ऊर्जा आणि अमिनो आम्ले कायम ठेवून २–३% भरड तूस बसवले, तर खाणे फारसे वाढत नाही आणि पचन सुधारल्याने काही वेळा परतावाच मिळतो. हिशोब किलोच्या भावावर करू नका. डझन अंड्यांमागे किती किलो खाद्य गेले आणि त्या किलोंची किंमत किती, हे गुणून बघा.

११. विष्ठा पातळ आणि चिकट झालीय, अंडी घाण येतात. तंतू जास्त झाले का?

आधी नीट ओळखा. दर आठ-दहा विष्ठांमागे एक तपकिरी, चिकट, वासाची असते. ती सिकमची आहे आणि नेहमीचीच आहे. सगळीच विष्ठा चिकट आणि शेपटीखालची पिसे माखलेली असतील तर खाद्यात अलीकडे गहू, जव किंवा राय वाढले का बघा. तसे असेल तर दोष विरघळणाऱ्या तंतूंचा आहे. झायलनेज (गव्हा-रायसाठी) किंवा बीटा-ग्लुकनेज (जवासाठी) असलेले एन्झाइम घाला किंवा ते धान्य कमी करा. त्याच वेळी २% भरड तूस घातले तर विष्ठा लवकर सुधारते. धान्य बदलले नसेल तर मीठ, पाण्याची गळती आणि आजार तपासा. पाणी खाद्याच्या दुपटीपेक्षा बरेच जास्त जात असेल आणि हवा गरम नसेल, तर कारण बहुधा तंतू नाहीत.

१२. एन्झाइम घातलं की तंतूंची चिंता मिटली, बरोबर?

नाही. एन्झाइम चिकटपणा तोडते, पेषणीला काम देत नाही. लिग्निनला ते हातही लावत नाही. पीठासारखे खाद्य एन्झाइम घालूनही पीठच राहते.

१३. कोंबड्या एकमेकींची पिसं ओढून खातात. खरंच तंतू कमी पडल्याने असं होतं?

हे एक कारण आहे, आणि अनेकदा दुर्लक्षित राहणारे. कमी तंतूंच्या खाद्यावरच्या कोंबड्या पिसे गिळतात, कारण पीस पेषणीत तंतूंसारखेच वागते. मेलेल्या कोंबडीच्या पेषणीत पिसांचा गोळा सापडला तर कळपातल्या बाकीच्यांना काय हवे आहे ते स्पष्ट आहे. शिवाय भरड, विरळ खाद्य खायला वेळ लागतो. चोच खाद्यात गुंतलेली असते तेवढा वेळ ती शेजारणीच्या पाठीवर नसते.

या क्रमाने चला. त्याच दिवशी प्रकाश मंद करा आणि जखमी पक्षी वेगळे काढा. खाद्यात सोडियम (०.१५–०.१८%) आणि मेथिओनीन तपासा. रात्री टॉर्च घेऊन दांड्यांच्या सांध्यांत लाल गोचीड (रेड माइट) बघा. मग ३% भरड तूस किंवा ८–१०% सूर्यफूल पेंड खाद्यात आणा आणि जाळीत भरलेला सुका लसूणघास डोक्याच्या उंचीला टांगा. ५०० पक्ष्यांमागे निदान दोन ठिकाणी टांगा, एकाच ठिकाणी टांगला तर दुबळ्या पक्ष्यांपर्यंत तो पोहोचत नाही.

सवय एकदा पडली की ती बघून इतर शिकतात आणि मग तंतूंनी ती पुसली जात नाही, फक्त मंदावते. म्हणून खरी वेळ तलंगांची आहे (प्रश्न ५).

१४. कोंबड्या लिटर (शेडमधले भुशाचे अंथरूण) खातात. रोखावं का?

थोडे खाणे नैसर्गिक आहे. फार खात असतील तर खाद्य पिठासारखे आहे, असे समजा (प्रश्न ७). लिटर कोरडे, बुरशीमुक्त आणि रसायन न लावलेल्या लाकडाचे असू द्या. पिंजऱ्यातल्या कोंबडीला हा पर्यायच नसतो. तिला मिळणारा प्रत्येक भरड कण खाद्यातूनच यावा लागतो, हे फॉर्म्युला करताना लक्षात ठेवा.

१५. शिंपल्यांचे तुकडे देतो. वेगळी खडी लागते का?

शिंपले आणि चुनखडी आम्लात विरघळतात. ते कवचासाठी आहेत, दळण्यासाठी नाहीत. फक्त मॅश खाणाऱ्या कोंबडीला खडी अत्यावश्यक नाही. अख्खे धान्य, गवत किंवा भरड तूस खाणाऱ्या कोंबडीला ग्रॅनाइटसारखी न विरघळणारी, ३–५ मिमीची खडी वेगळ्या भांड्यात द्या. खडी तंतूंची जागा घेत नाही.

१६. रोज हिरवा चारा देतो. तंतूंची गरज भागते ना?

आकडा पाहा. ५० ग्रॅम कोवळ्या चाऱ्यात ८५% पाणी, म्हणजे कोरडा भाग ७.५ ग्रॅम आणि त्यात क्रूड फायबर जेमतेम १.५ ग्रॅम. ४% तंतूंच्या ११० ग्रॅम खाद्यातून ४.४ ग्रॅम मिळतात. म्हणजे चारा भर घालतो, पण जागा घेऊ शकत नाही. बलक पिवळाधमक करायला आणि चोच गुंतवायला तो उत्तम.

लांब, चिवट देठ मात्र १–२ सेंमी कापूनच द्या. अख्खे देठ अन्नपिशवीत गुंता करतात. सकाळी खाद्य देण्याआधी अन्नपिशवी रिकामी लागली पाहिजे. ती कणकेच्या गोळ्यासारखी कडक लागली तर त्या कोंबडीचे खाद्य थांबवा, पाणी ठेवा, हलक्या हाताने चोळा. दिवसभरात फरक पडला नाही तर पशुवैद्याला दाखवा. कोंबडी उलटी धरून पिशवी रिकामी करू नका. द्रव श्वासनलिकेत जाऊन ती दगावते.

१७. कडक उष्म्यात तंतू कमी करावेत का?

विरळपणा कमी करा, भरडपणा नको. उष्म्यात खाणे घटते, म्हणून प्रत्येक घासात पोषण जास्त हवे. कोंडा काढा, ऊर्जा तेलातून द्या, पण २% भरड तूस राहू द्या.

१८. कोंडा स्वस्तात मिळाला. काय तपासू?

भाताच्या कोंड्यात तेल असेल तर तो गिरणीतून निघताच लायपेज विकरामुळे खवट व्हायला लागतो. ताजा घ्या, किंवा तेल काढलेला घ्या. चिमूटभर तोंडात धरा. कडवट, घशाला लागणारा असेल तर परत करा. चमकदार, टोकदार तुकडे जास्त दिसले तर तुसाची भेसळ आहे. प्रयोगशाळेत ‘आम्लात न विरघळणारी राख’ मागा, सिलिका लगेच उघडा पडतो. आणि बुरशीचे विष धान्याच्या बाहेरच्या थरांत जास्त साठते. धान्य थोडे खराब असेल तर त्याचा कोंडा जास्त खराब असतो. कोंड्यातला फॉस्फरसही बराचसा फायटेटच्या रूपात अडकलेला असतो, तेव्हा फायटेज (तो मोकळा करणारे एन्झाइम) घातल्याशिवाय तो हिशोबात धरू नका.

१९. पेंड बदलल्यावर बलकाचा रंग किंवा अंड्याचा वास बिघडला. तंतूंमुळे?

तंतूंमुळे नाही, पेंडीसोबत आलेल्या इतर घटकांमुळे. सरकी पेंडीतले गॉसिपॉल साठवणीत बलक हिरवट-तपकिरी करते आणि तिच्या तेलातली सायक्लोप्रोपीन गटाची आम्ले पांढऱ्याला गुलाबी छटा आणतात. मोहरीवर्गीय पेंडीतल्या सिनापीनमुळे काही तपकिरी अंड्यांच्या जातींत माशांसारखा वास येतो. पांढऱ्या अंड्यांच्या कळपात तीच पेंड बहुधा बिनवासाची जाते, म्हणून शेजारच्या शेडचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही. सरकी पेंड लेअरला टाळलेलीच बरी.

२०. बदल किती दिवसांत करावा आणि फरक कधी दिसेल?

जुने-नवे खाद्य तीन-तीन दिवस ७५:२५, ५०:५०, २५:७५ असे मिसळत दहा दिवसांत पूर्ण बदला. एकदम बदलले तर कोंबड्या दोन दिवस फीडर उकरत राहतात आणि अंडी घटतात. विष्ठा आठवड्यात सुधारते, पेषणी दोन-तीन आठवड्यांत. पिसे मात्र पुन्हा येईपर्यंत तशीच उघडी दिसतात, म्हणून तिथे जुन्या जखमांऐवजी नव्या जखमा मोजा. या काळात रोजचे खाणे, आठवड्याला ५० पक्ष्यांचे वजन आणि अंड्याचे सरासरी वजन लिहून ठेवा. खाणे वाढूनही वजन सलग दोन आठवडे उतरत असेल तर खाद्य जास्त विरळ झाले आहे. तूस तसेच ठेवून १% तेल वाढवा, तेवढाच मका कमी करा आणि पुन्हा वजन घ्या.